काळ्या शर्टाचा गुलाबी दोरा

फोन वाजला तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते आणि मी चहाचं आधण ठेवलं होतं. बँकॉकमध्ये एवढ्या सकाळी मला फोन करणारी माणसं दोनच. एक इचलकरंजीतला धाकटा भाऊ, आणि दुसऱ्या पी. थाय भाषेत थोरल्या बहिणीला किंवा भावाला 'पी' म्हणतात. पुढे नाव जोडलं नाही तरी चालतं. आमच्या दुकानात एकवीस वर्षं कापड मोजणाऱ्या या बाईंना मी पहिल्या दिवसापासून पी म्हणत आलो आणि त्या मला 'नोंग', म्हणजे धाकटा. आता त्या मुलीकडे राहतात, पण दुकानाची काळजी काही सुटलेली नाही.

"नोंग, आज दुकान लवकर उघड," त्या म्हणाल्या. "राणीसाहेब गेल्या."

ती २०२५ च्या २५ ऑक्टोबरची सकाळ. आदल्या रात्री थायलंडच्या राजमाता सिरिकित बँकॉकच्या रुग्णालयात वयाच्या ९३ व्या वर्षी वारल्या होत्या. २०१२ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्या लोकांसमोर फारशा आल्याच नव्हत्या, त्यामुळे बातमी कुणाला अनपेक्षित नव्हती. तरी पींचा आवाज बसला होता. रडून झालं असावं, कारण पुढचं सगळं बोलणं कामाचं होतं. गोदामात काळं किती आहे? पॉपलिनचे तागे किती, टेरिकॉटचे किती? नऊ वर्षांपूर्वीसारखी तारांबळ नको, असं बजावून त्यांनी फोन ठेवला.

मी मूळचा इचलकरंजीचा, रंगखात्यातला माणूस. म्हणजे कापड विणणारा नव्हे, रंगवणारा. १९९६ साली एका पंजाबी शेटजींच्या दुकानात रंगाची पारख करायला म्हणून बँकॉकला आलो आणि इथलाच झालो. दुकान फाहुरात नावाच्या पेठेत आहे. शीख आणि सिंधी व्यापाऱ्यांची जुनी कापडपेठ, मधोमध गुरुद्वारा, गल्लीत जिलेबीची कढई. मुंबईच्या मंगलदास मार्केटात फिरलेल्या माणसाला इथे रस्ता विचारावा लागत नाही. या पेठेचं नावच एका राजघराण्यातल्या मरणाची आठवण आहे, हे मात्र मला इथे बरीच वर्षं काढल्यावर कळलं. राजा चुलालाँगकॉर्न यांची फाहुरात नावाची मुलगी १८८७ साली, अवघ्या आठ वर्षांची असताना वारली. तिच्या नावे असलेल्या पैशातून बापानं हा रस्ता बांधवला. फाहुरात म्हणजे दंडात घालायचा दागिना, आपला बाजूबंद. आता त्या रस्त्यावर लेस, टिकल्या आणि लग्नाचे लेहंगे विकले जातात, आणि राजघराण्यातलं कुणी गेलं की काळं कापड.

त्या सकाळी टीव्हीवर निवेदक तोच शब्द उच्चारत होता, जो मी २०१६ मध्ये पहिल्यांदा कान देऊन ऐकला होता: 'सवन्खोत'. थाय लोकांना विचाराल तर ते म्हणतील, हा राजभाषेतला शब्द आहे. आपण ऐकला तर ओळख पटायला दोन क्षण लागतात. सवन म्हणजे स्वर्ग, खोत म्हणजे गत. स्वर्गगत! राजाराणीसाठी हा शब्द. त्याखालच्या एका राजपदासाठी 'थिवोंगखोत', म्हणजे दिवंगत. भिक्षू गेला तर 'मोरनफाप', त्यात आपलं मरण दिसतंच. आणि माझ्यासारखा कापडवाला गेला तर नुसतं 'ताय', मेला. मला याचं हसू आलं होतं, मग आठवलं की आपल्याकडे लग्नपत्रिकेत कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी हे सगळे वेगवेगळे पत्ते असतातच. आपण मेलेल्याचा धर्म आणि पंथ सांगतो, हे लोक पायरी सांगतात, इतकंच.

नावांचंही तसंच. सिरिकित म्हणजे श्रीकीर्ती. त्यांचे पती राजे भूमिबोल अदुल्यदेत, म्हणजे भूमिबल अतुल्यतेज. चक्री घराण्यातले नववे राम.

२०१६ सालची ती फजिती या भूमिबोल राजांच्या वेळची. ते १९४६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर आले आणि सत्तर वर्षं राहिले. थायलंडमधल्या बहुसंख्य माणसांनी जन्मापासून दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. शेवटची काही वर्षं त्यांचा मुक्काम बराचसा चाओ फ्राया नदीच्या पलीकडच्या सिरिराज रुग्णालयात असे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रकृती बिघडल्याचं पत्रक निघालं आणि रुग्णालयाच्या आवारात माणसं येऊन बसू लागली. जवळजवळ सगळ्यांच्या अंगात गुलाबी शर्ट.

हे जरा समजावून सांगायला हवं. थायलंडमध्ये प्रत्येक वाराला रंग असतो. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, शुक्रवार निळा. राजा सोमवारचा जन्मलेला म्हणून त्यांचा रंग पिवळा, राणी शुक्रवारची म्हणून निळा. गुलाबी हा आरोग्याला शुभ, असं ज्योतिषांनी सांगितलेलं, आणि २००७ साली राजे रुग्णालयातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात गुलाबी कोट होता. तेव्हापासून राजाला बरं वाटावं म्हणून गुलाबी घालायचं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पींकडेही एक होता. दोन वेळा जेवणाच्या सुट्टीत तो चढवून त्या होडीनं नदी ओलांडून सिरिराजला जाऊन आल्या. मी विचारलं, तिथे जाऊन करता काय? म्हणाल्या, बसते.

१३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सातच्या सुमारास बातमी आली. राजे दुपारीच, तीन बावन्नला गेले होते. आम्ही शटर ओढत होतो. पेठेत आवाज असा झालाच नाही. समोरच्या रेस्टॉरंटमधलं हिंदी गाणं कुणीतरी बंद केलं आणि पी तागे रचता रचता जमिनीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दुकानासमोर रांग होती, आणि सगळ्यांना काळं हवं होतं. सरकारी नोकरांना वर्षभराचा दुखवटा जाहीर झाला होता. झेंडे तीस दिवस अर्ध्यावर. लोकांनी महिनाभर करमणूक टाळावी, असं आवाहन. टीव्हीच्या वाहिन्यांवर राजाच्या जुन्या चित्रफिती दिसू लागल्या, रस्त्यावरच्या मोठ्या जाहिरातींतला रंग गेला. आणि देशातल्या जवळपास प्रत्येकाला एकाच दिवशी एकाच रंगाचं कापड हवं होतं, ज्या रंगाचा साठा आम्ही सगळ्यांत कमी ठेवतो. थाय माणूस एरवी काळ्याला बिचकतो. आपल्याकडे संक्रांतीची चंद्रकळा सोडली तर शुभकार्यात काळं चालत नाही, तसंच. पूर्वी इथे शोकाचा रंग पांढराच होता. राजा गेला की प्रजेनं डोकं भादरायचं आणि पांढरं नेसायचं, अशी चाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होती. काळं नंतर आलं, युरोपातून.

आता एक कबुली. त्या सकाळी मी मीटरमागे वीस बात भाव वाढवला. धंद्यातला माणूस, हात आपोआप गेला. पींनी काहीच न बोलता माझ्या हातातला खडू घेतला, पाटीवरचा आकडा पुसला आणि जुना लिहिला. पुढे सरकारनं काळ्या कपड्यांचा काळाबाजार करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैदेची तंबी दिली. पण मला ती ऐकण्याआधीच तंबी मिळाली होती.

माल दोन दिवसांत संपला. मग पातेली निघाली.

असा प्रकार मी इचलकरंजीतही पाहिला नव्हता. फुटपाथवर, विद्यापीठांच्या आवारात, सरकारी कचेऱ्यांसमोर गॅसच्या शेगड्यांवर मोठमोठी पातेली चढली. त्यांत काळा रंग उकळतोय आणि माणसं आपापले शर्ट घेऊन उभी. फुकट रंगवून मिळत होतं. शाळकरी पोरं काठीनं ढवळत होती, आणि हात कोपरापर्यंत निळेकाळे. मला राहवेना. तीस वर्षं ज्या कामात घालवली ते काम रस्त्यावर अडाणीपणे चाललेलं बघवत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक पातेलं लागलं होतं, तिथे मी उभा राहिलो तो चार दिवस तिथेच होतो.

काळा हा रंगाऱ्याला सगळ्यांत छळणारा रंग. ग्राहकाला वाटतं काळं म्हणजे काळं. प्रत्यक्षात एक काळं निळ्यावर जातं, एक तांबूसवर, एक हिरवट मारतं, आणि दोन घाण्यांतलं काळं एकमेकांशेजारी ठेवलं की सवतीसारखं वागतं. आमच्याकडे स्वस्तात काळं करायचं तर गंधकी काळा वापरत. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि नीट धुतलं नाही तर पडून राहिलेलं कापड हातात फाटतं. बँकॉकच्या फुटपाथवर होता तो साधा घरगुती पुडीतला रंग. मी पोरांना तीनच गोष्टी शिकवल्या. कपडा आधी ओला करा. मीठ घाला, भरपूर घाला, नाहीतर रंग पाण्यातच राहील. आणि पातेल्यात कोंबू नका, कपड्याला लोळायला जागा द्या.

रंगायला येणाऱ्या शर्टांत निम्मे गुलाबी आणि पिवळे होते. राजाला बरं वाटावं म्हणून आठवड्यापूर्वी घातलेले तेच शर्ट. सुती कापड काळं व्हायचं, पण शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा, आणि पॉलिएस्टरला या रंगाचं सोयरसुतक नसतं. शर्ट बाहेर काढून पिळला की अंग काळं आणि बाही, कॉलर, काजं यांच्या कडेनं बारीक गुलाबी टाके. पहिल्यांदा मी ओशाळलो. "हे काही निघायचं नाही," असं सांगत होतो. एका बाईनं शर्ट उलटसुलट करून बघितला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, असू दे. मग मी सांगणं बंद केलं. पुढचं वर्षभर स्कायट्रेनच्या डब्यात, बाजारात, बँकेच्या रांगेत मला ते टाके दिसत राहिले. ज्याला माहीत नाही त्याला दिसणारही नाहीत इतके बारीक.

हे सगळं मनापासून होतं का, असं मला सुट्टीत गावी गेल्यावर हमखास विचारतात. थायलंडमध्ये दंडसंहितेचं ११२ वं कलम आहे. राजा, राणी, युवराज यांचा अवमान केला तर तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा. त्या दिवसांत काळं न घातलेल्यांना रस्त्यात हटकण्याचे, इंटरनेटवर नावं ठेवण्याचे प्रकार झाले. शेवटी ज्यांना परवडत नाही त्यांना बोल लावू नका, असं सरकारलाच सांगावं लागलं. या राजवटीवर मनातून नाराज असणारे लोक इथे आहेत, आणि काळं त्यांच्याही अंगावर होतं. कुणाच्या शर्टाआड काय आहे हे ओळखायची विद्या माझ्याकडे नाही. पातेल्यापाशी उभं राहिलेला माणूस किती घाईत आहे, एवढं मला कळतं. घाईत फार कमी होते.

त्या वर्षभरात लोकांनी शोकाची जी कामं काढली ती बघून मी थक्क व्हायचो. मोटारसायकलवाले राजवाड्याकडे जाणाऱ्यांना फुकट सोडत. कुणी भाताची पाकिटं वाटे, कुणी नुसती केराची पिशवी घेऊन गर्दीतून फिरे. बायका घोळक्यानं बसून 'दोक माय चान' करत. दोक माय म्हणजे फूल, चान म्हणजे चंदन. पातळ सालींची किंवा कागदाची फुलं, जी अंत्यविधीला वाहतात. आणि घरोघरी, शाळांत, रस्त्याच्या कडेला झेंडू लावला जात होता. हो, आपला दसऱ्याचा झेंडू. राजाचा रंग पिवळा, म्हणून पुढच्या ऑक्टोबरात अंत्यसंस्काराच्या वेळी देश पिवळा दिसावा, या हिशेबानं बिया टाकल्या गेल्या. झेंडूला थाय भाषेत 'दाओ रूअंग' म्हणतात, लखलखता तारा.

याच वर्षात, २०१७ च्या फेब्रुवारीत, माझी आई गेली. ८४ वर्षांची होती. मी बँकॉकहून मुंबई आणि तिथून गाडीनं इचलकरंजीला पोचेपर्यंत भावानं अग्नी देऊन, सावडून झालं होतं. दहावं, बारावं, तेरावं रीतसर झालं. दुखवट्याचा आहेर आला. टॉवेल-टोपी, साड्या, आणि सवयीनं मी प्रत्येक साडीचा पोत बोटांत धरून बघितला. शेजारचे माग त्या तेरा दिवसांतही खडखडत होते. थांबणार कसे? आमच्या गावाला राजघराण्याची आठवण आहे तीसुद्धा मागाच्या रूपानं. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठिंब्यानं विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, आणि गाव तेव्हापासून जे चालू आहे ते आहेच. चौदाव्या दिवशी तोंड गोड करून मी विमानात बसलो.

दुकानात शिरलो तर पींनी माझं भादरलेलं डोकं बघितलं आणि काही विचारलं नाही. दुपारी डबा उघडल्यावर म्हणाल्या, "तुमच्यात किती दिवस?"

"तेरा."

"आणि मग?"

"मग वर्षश्राद्ध."

"मधे?"

मी म्हटलं, मधे कामाला लागायचं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. थाय घरांत सातवा, पन्नासावा आणि शंभरावा दिवस पाळतात. मे महिन्यात एका सकाळी त्या पाच डब्यांत भात-कालवण घेऊन दुकानात आल्या. "आज तुझ्या आईचा शंभरावा," म्हणाल्या. मी मोजले नव्हते, त्यांनी मोजले होते. जवळच्या वाटमध्ये, म्हणजे मठात, भिक्षूंना जेवण दिलं. ते पाली मंत्र म्हणू लागले तसा पींनी माझ्या हातात पितळेचा एक छोटा गडू दिला. मंत्र चालू असताना त्यातलं पाणी बारीक धारेनं भांड्यात सोडायचं, म्हणजे पुण्य गेलेल्या माणसाला पोचतं. मी धार सोडली. अंगठ्याकडून सोडायची की बोटांकडून, एवढाच प्रश्न मला पडला. तो विचारायला माणूस नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला राजवाड्याच्या रांगेत नेलं. माझ्या आईसाठी त्या आल्या होत्या, त्यांच्या राजासाठी मी जाणं आलंच. पहाटे तीनला सनाम लुआंग मैदानावर पोचलो तर पुढे हजारो माणसं बसलेली. खेड्यांतून रात्रीच्या गाड्यांनी आलेली, म्हातारी माणसं घडीच्या स्टुलांवर, बायकांनी पायघोळ काळे स्कर्ट नेसलेले, कारण पँट घालून आत सोडत नसत. सात तासांनी आमचा नंबर लागला. दरबाराचं नाव दुसित महाप्रासात. त्यातला दुसित म्हणजे बौद्धांचा तुषित स्वर्ग आणि प्रासात म्हणजे आपला प्रासाद. उंच सोन्याच्या चौथऱ्यावर राजकुंभ ठेवलेला. जुन्या रीतीनं राजाचा देह बसवून त्या कुंभातच ठेवत. भूमिबोल राजांचा देह मात्र शवपेटीत होता आणि कुंभ नुसता मानाचा. सात तास थांबून आत मिळाली असतील पन्नास-साठ सेकंदं. कपाळ जमिनीला टेकवायचं आणि उठायचं. पंढरपूरला पायावर डोकं ठेवता ठेवता बडवे ढकलायचे ते आठवलं. इथे कुणी ढकललं नाही, पण उठावं लागलंच.

ती रांग २०१६ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली आणि पुढच्या ५ ऑक्टोबरला थांबली. सव्वा कोटीहून जास्त माणसं त्या चौथऱ्यासमोर वाकून गेली. एका दिवसाला सरासरी सदतीस-अडतीस हजार.

तोवर त्याच सनाम लुआंगवर मेरू उभा राहिला होता. हा शब्द मी मनानं घेत नाही. राजाच्या चितागृहाला थाय भाषेत 'फ्रा मेरुमात' म्हणतात आणि साध्या मठातल्या दहनाच्या जागेला 'मेन'. लिहिताना मेरू लिहितात, वाचताना मेन. राजा हा देवाचा अंश, तो मेला म्हणजे विश्वाच्या मधल्या मेरू पर्वतावर परत गेला, म्हणून त्याला जाळायचं ते मेरूवर. सुमारे पन्नास मीटर उंच, नऊ शिखरांचा तो सोनेरी डोलारा बांधायला आठ-नऊ महिने लागले. पायथ्याशी हिमवंत वनातले प्राणी, वर गरुड, विष्णू, इंद्र, ब्रह्मा, आणि चितेजवळ राजाच्या लाडक्या कुत्र्यांचे पुतळे. समोर खराखुरा भात लावलेला, वरून पाहिलं तर थाय नऊचा आकडा दिसेल असा. अंत्यसंस्काराचा खर्च तीनशे कोटी बातच्या घरात गेला आणि त्यावरही दबक्या आवाजात बोललं गेलं. माझ्या मुलानं विचारलं, एका रात्रीसाठी एवढं बांधायचं आणि मोडायचं? त्याचं बालपण इथलं, नाहीतर गणपतीच्या देशातल्या पोरानं हा प्रश्न विचारला नसता.

२६ ऑक्टोबर २०१७. १७९५ साली घडवलेला महाविजयराजरथ, तेरा-चौदा टनांचा, दोनशे सोळा माणसांनी दोरखंडांनी ओढत मैदानाकडे नेला. पांढरी वस्त्रं आणि डोक्यावर अंबाडा असलेले दरबारी ब्राह्मण शंख फुंकत होते. त्यांचं देवस्थान बँकॉकमध्ये १७८४ पासून आहे. आम्ही हे पडद्यावर बघितलं. फाहुरातजवळच्या पुलापाशी चितागृहाची एक लहान प्रतिकृती उभारली होती, तिथे पींबरोबर चंदनाचं फूल वाहायला आठ वाजेपर्यंत रांगेत होतो. खरा अग्नी रात्री दहाला दिला जाणार होता. पण तो टीव्हीवर दाखवला नाही. माणसं फुटपाथवर बसून मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहिली, मग हळूहळू सगळी आकाशाकडे बघू लागली. पींनी चटई झटकली आणि म्हणाल्या, "चल, पहिली बस पहाटे आहे." त्या रात्री कोपऱ्यावरचं, कधीच बंद न होणारं सेव्हन-इलेव्हनही बंद होतं.

राणीबद्दल लिहायचं म्हणून बसलो आणि राजातच अडकलो. कापडवाल्यानं खरं तर उलटं करायला हवं. सिरिकित राणींनी १९७६ मध्ये हस्तकलांसाठी संस्था काढली आणि इसान भागातल्या गरीब खेड्यांतलं 'मत्मी' रेशीम वर आणलं. मत्मी म्हणजे विणण्याआधीच सुताच्या लडी ठिकठिकाणी बांधून रंगवायच्या, मग विणताना नक्षी उमटते. आपल्याकडे पाटोळा किंवा पोचमपल्ली होतं तसं. म्हाताऱ्या बायका घरात नेसत होत्या ते कापड राणीनं परदेशी मेजवान्यांना नेसलं. आज थाय बाई लग्नात ज्या आठ प्रकारच्या राष्ट्रीय पोशाखांतला एखादा घालते, ते १९६० च्या सुमाराला याच राणीनं ठरवून घेतलेले. त्यांतल्या काहींना तर चक्क खांद्यावरून पदर आहे. पींची आई इसानमध्ये मत्मी विणायची. तिनं विणलेलं एक ठाण त्या संस्थेनं विकत घेतलं होतं. त्या पैशातून पी शिकायला बँकॉकला आल्या. राणीचा वाढदिवस, १२ ऑगस्ट, इथे मातृदिन असतो, आणि त्या दिवशी आईला 'मालि' देतात. मालि म्हणजे मोगरा, आपली मल्लिका.

या वेळी, राणी गेल्या तेव्हा, पेठ तयार होती. सरकारनं नव्वद दिवस काळं किंवा साधं घालायला सांगितलं, कारखान्यांतून माल वेळेवर आला, भाव फारसा हलला नाही, पातेली कुठे दिसली नाहीत. जवळपास सगळ्यांच्या कपाटात २०१६ चं काळं होतंच.

त्या पहिल्या सकाळी नऊच्या सुमाराला पी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात त्यांचा तो शर्ट. नऊ वर्षांत काळं उतरून राखाडी-तपकिरी झालं होतं, कोपराशी कापड विरलेलं. गुलाबी टाके मात्र जसेच्या तसे. त्या म्हणाल्या, पुन्हा रंगवून दे.

"पी, याचं सूत गेलंय. नवीन घ्या, मी देतो. ढिगानं आहेत."

"रंगवून दे."

दुकानाच्या मागच्या बाजूला चहाची शेगडी आहे. मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, आत नऊ वर्षांपूर्वीची काळी कड अजून होती. पाणी तापेपर्यंत शर्ट भिजत घातला. पुडी फोडली. पी माझ्या मागे स्टुलावर बसून बघत होत्या, आणि मी मिठाचा डबा उचलला तशा म्हणाल्या, "भरपूर घाल. मागच्या वेळी तू कमी घातलं होतंस."